ही खोली बंद पडू देऊ नका

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या जिन्यालगतच्या खोलीत आमच्या सायकल क्लबचं बिऱ्हाड आहे. इमारत आता पुनर्विकासाला गेली आहे आणि दिवाळीनंतर ती पाडणार आहेत. घरमालकांनी इतकी वर्षं नाममात्र भाड्यावर जागा वापरू दिली, त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण नव्या इमारतीत आमच्यासाठी खोली नाही आणि दुसरी जागा अजून मिळालेली नाही. म्हणून पुण्यात सायकल चालवणाऱ्या, एकेकाळी चालवलेल्या आणि पुन्हा चालवावी असं अधूनमधून मनात येणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती करतो आहे: हा क्लब वाचवायला या.

‘जागा गेली म्हणून क्लब कसा बंद पडेल?’ असं काही जण विचारतात. रविवारची राइड मोबाइलवर ठरते, किलोमीटर मोबाइलवर मोजले जातात, फोटोही तिथेच जमा होतात. खडकवासल्याला किंवा सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन यायचं तर खोलीची गरज नाही, हे मान्य. पण आमच्या क्लबचा जीव त्या राइडमध्ये नाही, तो या खोलीत आहे. भिंतीवर खिळ्यांना लावलेले पाने, चाकाची आउट काढायचा स्टँड, ग्रीसचा डबा, छर्ऱ्यांच्या बाटल्या, पाण्याचा टब आणि ज्याला हवी त्याला चालवायला द्यायच्या काही जुन्या सायकली. इथे दुरुस्ती करून मिळत नाही, शिकायला मिळते. पंक्चर तुमचं, हात तुमचे. शेजारी उभं राहून सांगणारे फिटरकाका आमचे.

फिटरकाका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी त्यांनी सायकलवरून केली. ते पंक्चर काढायला शिकवतात, ते एकदा बघायला हवं. ट्यूब टबात बुडवून थोडी थोडी पुढे सरकवायची, बुडबुडे दिसले की तिथे बोट ठेवायचं. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं. नवशिका हमखास इथे घाई करतो. सोल्युशन ओलं असताना लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं. ते बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ ठेवून दाबायचं. तरीही काका ट्यूब आत घालू देत नाहीत. आधी टायरच्या आतून हळूच बोटं फिरवायला लावतात, कारण काटा बहुतेक वेळा आतच बसलेला असतो. हे सगळं एकदा जमलं की माणसाची सायकलची भीती निम्मी जाते. ‘वाटेत बंद पडली तर?’ हा प्रश्न उरत नाही.

माणूस सायकल सोडतो तो बहुतेक वेळा एखाद्या किरकोळ बिघाडापाशी, असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. हौसेने घेतलेल्या सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात. टायर बसलेले, चेन गंजलेली, सीटवर धुळीचा थर. मालकांना व्यायामाचा कंटाळा आला म्हणून त्या तिथे नाहीत. एका सकाळी चाकात हवा नव्हती, जवळपास दुकान नव्हतं, आणि तो दिवस मग महिन्यांत आणि वर्षांत गेला.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. त्या काळात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवत. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. पुढे आकुर्डीच्या स्कूटर आल्या, १९७२ मध्ये लुना आली, अंतरं वाढली, उड्डाणपूल झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांच्या लक्षात आलं ते एवढंच की सायकलींच्या बरोबरीने कोपऱ्याकोपऱ्यावरची सायकलची दुकानंही गेली. तासावर सायकल देणारी, शाळेच्या मुलाला ‘उद्या दे रे पैसे’ म्हणणारी ती दुकानं होती. त्यांच्या जागी आता मोबाइलचे गाळे आहेत. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. साध्या माणसाची साधी सायकल बाजारातून मागे सरकते आहे आणि तिला हात लावणारे कारागीर तिच्या आधीच मागे गेले आहेत.

महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. ८०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या सायकल मार्गांचं जाळं त्यात आखलेलं आहे. त्याच सुमारास भाड्याच्या पिवळ्या, केशरी सायकली रस्त्यांवर आल्या, लोकांनी त्या हौसेने चालवल्या, काहींनी मोडल्याही, आणि दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. आराखड्याची अंमलबजावणी मागत राहिलंच पाहिजे, आम्हीही मागतो. पण मार्ग बांधून झाले तरी त्यांवर चालणारी सायकल कुणीतरी चालती ठेवली पाहिजे, आणि ती चालवायला माणूस शिकला पाहिजे.

हे आमच्या खोलीत कसं घडतं, ते सांगतो. दत्तवाडीतल्या एक ताई एरंडवण्यात चार घरी स्वयंपाक करतात. वय चाळिशीपुढचं, सायकलला कधी हात लावलेला नाही. सकाळी बसची वाट बघण्यात पहिल्या घरी उशीर व्हायचा आणि दिवसभर बोलणी खावी लागायची. गणपतीच्या आधी त्यांनी आमच्या गल्लीत शिकायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना पोरं धावताहेत, हँडल डुगडुगतंय आणि ताईंची नजर पेडलवर. पडल्या, गुडघा सोलवटला, दुसऱ्या रविवारी पुन्हा आल्या. दसऱ्याला त्यांनी क्लबच्या जुन्या लेडीज सायकलला झेंडूची माळ घातली आणि कामाला गेल्या. आता नव्या बायकांना त्याच शिकवतात. ‘पायाकडे बघू नको गं, रस्त्याकडे बघ,’ हे त्यांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

बीड जिल्ह्यातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेला एक मुलगा आहे. खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिका यांतच घरून आलेले पैसे संपतात, तेव्हा फिरायला क्लबची सायकल. ती परत करायला आला, काकांना आउट काढताना बघितलं आणि तिथेच बसला. कुठला आरा किती आवळायचा, कुठला सोडायचा, हे आता त्याच्या हाताला कळतं. सध्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असते. परीक्षेचे निकाल खाली-वर होतात, त्या दिवसांत हा मुलगा पाना हातात घेऊन शांतपणे चाक फिरवत बसतो. शहरात एकट्या राहणाऱ्या पोरांना अशी बसायची जागा किती लागते, हे मी त्याच्याकडून शिकलो.

यंदाची आनंदाची बातमीही आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका सभासद मुलीने एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, पूर्ण केल्या. शेवटच्या सहाशेला ४० तासांची मुदत असते. रात्री साताऱ्याच्या पुढे तिची चेन तुटली. टॉर्च दातांत धरून तिने तुटलेली कडी काढली, चेन जोडली आणि वेळेत परतली. चारही पूर्ण करणाऱ्याला मिळणारा सुपर रँडोनरचा मान तिला मिळाला. आषाढीच्या आधी काही सभासद दिवे घाटाने सायकलवर पंढरपूरला जाऊन आले, तेव्हाही वाटेतल्या दुरुस्त्या सगळ्यांनी आपापल्या हातांनी केल्या.

महाराष्ट्राला सायकलने पुष्कळ मान मिळवून दिला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. या माणसांचा आपण सत्कार करतो, आणि करावाच. पण पहिल्यांदा तोल सांभाळणाऱ्या माणसापासून तिथपर्यंतची वाट फार लांब आहे, आणि तिच्या सुरुवातीला कुणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं असावं लागतं.

म्हणून मागणं स्पष्ट करतो. आम्हाला तळमजल्यावर दोनशे चौरस फूट जागा हवी. संध्याकाळनंतर रिकामा राहणारा शाळेचा वर्ग, सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा, एखाद्या मंडळाची वर्षातले अकरा महिने बंद असलेली खोली, काहीही चालेल. भाडं आम्ही वर्गणीतून देऊ. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांना माझी खास विनंती आहे: पेठेतल्या तरुणांना जमवायची ताकद तुमच्याइतकी कुणाकडे नाही, तुमच्या खोलीला वर्षभर उपयोग द्या. ज्यांच्या पार्किंगमध्ये सायकल गंजते आहे त्यांनी ती आम्हाला द्यावी. ती दुरुस्त करून ज्याला कामाला जायला हवी आहे त्याला देऊ. दुकान बंद केलेल्या कारागिरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ यावं. फिटरकाकांचे गुडघे आता त्यांना फार वेळ उकिडवं बसू देत नाहीत आणि त्यांच्या हातातलं काम पुढच्या हातांत जायला हवं. वास्तुविशारद, वकील, नगरसेवक यांच्यापैकी कुणाची जागेसाठी ओळख असेल तर शब्द टाकावा. आणि यांपैकी काहीच जमत नसेल तर सभासद व्हा. सभासदांची यादी मोठी असली की जागा मागताना आमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता सारसबागेच्या दारापाशी आम्ही जमतो आहोत. तिथून खडकवासल्याला जाऊन परत खोलीवर येऊ आणि चहानंतर जागेसाठीच्या अर्जावर सह्या घेऊ. सायकल नसेल तर तसेच या, क्लबच्या सायकलींपैकी एक काढून ठेवू. सायकल असून बंद पडलेली असेल तर ढकलत आणा. टब आणि पाने दिवाळीपर्यंत आहेत.