भास्कर कोणता?

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो आतां स्वतः एका हायस्कुलांत गणित शिकवितो आणि त्याचेहि केस पिकूं लागले आहेत. पत्राचा आरंभ शिरसाष्टांग नमस्कारानें असला तरी आंतला मजकूर माझा कान धरणारा होता. "गुरुजी, कोनाची ज्या कोष्टकावांचून काढण्याची रीत आपण आम्हांस शिकविली, ती लीलावतीकार भास्कराचार्यांची म्हणून सांगितली. मीहि गेलीं वीस वर्षें माझ्या वर्गांत तसेंच सांगत आलों. परवां एका मुलीनें उठून विचारलें कीं, पुस्तकांत ही रीत 'पहिल्या भास्कराची' म्हणून दिली आहे, मग खरें कोणतें? मीं तिला 'उद्यां सांगतों' असें म्हटलें. तो उद्यां अजून उगवलेला नाहीं."

चूक मूळची माझी. ती एका पिढीवर न थांबतां दुसऱ्या पिढींत गेली हें वाचून मला दोन दिवस चैन पडलें नाहीं. म्हणून या महिन्याचा मजकूर त्या मुलीच्या प्रश्नालाच दिला आहे. घरांत हायस्कुलांत जाणारें कोणी असल्यास त्याला जवळ बसवून, कागद-पेन्सिल घेऊन पुढचा भाग वाचावा.

रीत अशी. कोणताहि कोन अंशांत घ्यावा, तो १८० मधून वजा करावा, आणि जी बाकी राहील तिनें मूळ कोनाला गुणावें. या गुणाकाराची चौपट हें भाज्य. तोच गुणाकार ४०,५०० मधून वजा केला म्हणजे भाजक. भागून जें येईल ती त्या कोनाची ज्या, म्हणजे आजच्या पुस्तकांतील 'साइन', त्रिज्या एक मानून. तीस अंश घेऊन पाहा. तीस गुणिलें दीडशें म्हणजे ४,५००, त्याची चौपट १८,०००, भाजक ३६,०००, उत्तर बरोबर अर्धा. साठ अंश घेतले तर २८,८०० ला ३३,३०० नें भागावयाचें, उत्तर ०.८६४९ येतें. छापील कोष्टकांत ०.८६६० आहे. हजारांत एकाच्या आसपास चूक. आणि त्यासाठीं कोष्टक पाठ करावयाला नको, वर्गमूळ काढावयाला नको. वर्गांत ही रीत फळ्यावर मांडली कीं मुलें पटापट निरनिराळे कोन घेऊन पाहात, आणि मी मोठ्या अभिमानानें म्हणत असें, "हे आपले भास्कराचार्य!"

आतां माझ्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं तें विधान अगदींच निराधार नव्हतें. लीलावतींत वृत्ताच्या चापावरून त्याची जीवा काढण्याची रीत आहे. परिघांतून चाप वजा करून चापानेंच गुणावें, असा तिचा आरंभ, आणि त्या गुणाकाराला तेथें 'प्रथम' अशी संज्ञा दिली आहे. अंशांच्या भाषेंत उतरविली म्हणजे ती हीच रीत होते. मीं ती तेथें वाचली, आणि जेथें वाचली तेथेंच ती जन्मली असें धरून चाललों. शिक्षकाच्या चुका बहुधा अशाच असतात. तो खोटें सांगत नाहीं, पण जेथें त्याचें वाचन संपतें तेथेंच विषयहि संपला असें त्याला वाटतें.

वस्तुतः लीलावती ज्या सिद्धांतशिरोमणीचा भाग म्हणून प्रसिद्ध आहे तो ग्रंथ ११५० सालचा. ही रीत त्याच्याहि पूर्वीं पांच शतकें 'महाभास्करीय' नांवाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत आहे, आणि त्या ग्रंथाच्या कर्त्याचें नांवहि भास्करच. ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत ब्रह्मगुप्तानेंहि ती दिली आहे, तेव्हां सातव्या शतकांत ती जाणत्यांना ठाऊक होती हें निश्चित. हा जुना भास्कर आर्यभटाच्या परंपरेंतला. आर्यभटीयावर त्यानें विस्तृत भाष्य केलें, आणि कल्पारंभापासून किती वर्षें लोटलीं तें त्यांत आंकड्यानिशीं सांगून ठेविलें: १,९८,६१,२३,७३०. या एका आंकड्यावरून भाष्याचें साल ६२९ असें आपल्याला मिळतें. 'महाभास्करीय' आणि त्याचा संक्षेप 'लघुभास्करीय' हे ग्रंथ केरळांत शतकानुशतकें अभ्यासिले जात होते. गोविंदस्वामी, शंकरनारायण, परमेश्वर अशा थोर पंडितांनीं त्यांवर टीका लिहिल्या. म्हणजे तो विसरला गेला तो आमच्याकडे. मलबारकिनाऱ्याच्या जोश्यांना तो चांगला ठाऊक होता.

आमच्याकडे विसर पडण्याचें कारण उघड आहे. दुसऱ्या भास्कराचें तेज एवढें कीं त्याच्यापुढें त्याच नांवाचा दुसरा कोणी दिसेचना. लीलावतीवर १५४५ मध्यें ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञानें 'बुद्धिविलासिनी' टीका केली; १५८७ मध्यें अकबराच्या आज्ञेवरून फैजीनें तिचें फारशी भाषांतर केलें; १८१७ मध्यें कोलब्रुकनें ती इंग्रजींत नेली. लीलावती ही कन्या, घटिकापात्रांत पडलेला तो मोतीं आणि टळलेला मुहूर्त ही घरोघर सांगितली जाणारी कथा फैजीच्या भाषांतरांतून पसरली, हें जातां जातां आमच्या भगिनीवर्गाला सांगून ठेवतों. एवढा गाजावाजा झाल्यावर 'भास्कर' म्हटला कीं तोच, असें लोकांनीं ठरविलें तर नवल नाहीं. १९३० मध्यें विभूतिभूषण दत्त यांनीं हे दोन भास्कर वेगळे, असा स्वतंत्र लेखच लिहिला. पुढें लखनौच्या कृपाशंकर शुक्ल यांनीं जुन्या भास्कराचे तिन्ही ग्रंथ १९६० ते १९७६ या काळांत उत्तम संपादून छापले.

पण मला खरी लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. माझी लीलावतीची प्रत पुण्याच्या आनंदाश्रमाची, बुद्धिविलासिनीसह १९३७ सालीं छापलेली. त्याच आनंदाश्रमानें त्याच ग्रंथमालेंत १९४५ मध्यें 'महाभास्करीय' आणि १९४६ मध्यें 'लघुभास्करीय' प्रसिद्ध केलें. ग्रंथमालेच्या यादींत तीं नांवें मीं शेंकडों वेळां पाहिलीं असतील. 'भास्करीय' म्हणजे आपल्याच भास्कराचें कांहीं लहानसें प्रकरण असावें, असें समजून मी पुढें जात असें.

यावर कोणी म्हणेल कीं एवढा मोठा ग्रंथकार, त्यानें आपली ओळख नीट द्यावयाची होती. येथें दुसऱ्या भास्कराचें कौतुक करावेंसें वाटतें. त्यानें गोलाध्यायांत आपला जन्मशक १०३६, म्हणजे इसवी सन १११४, सांगितला. छत्तिसाव्या वर्षीं ग्रंथ रचला हें सांगितलें. शांडिल्य गोत्र, सह्याद्रीच्या आश्रयाचें विज्जलविड हें गांव, वडील महेश्वर हेच गुरु, सर्व सांगितलें. घराण्यानेंहि आठवण राखली. चाळीसगांवजवळ पाटणादेवीच्या देवळांत एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्याला दान दिलें. नातवानें आजोबांच्या पुस्तकांसाठीं शाळा काढावी, यापरतें श्राद्ध कोणतें?

त्याच लेखांत घराण्याची वंशावळ आहे, आणि तीच मला या प्रकरणांतली सर्वांत गोड गोष्ट वाटते. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा पुत्र आपला भास्कर. भोजराजानें 'विद्यापति' ही पदवी दिलेला एक भास्कर त्या घरांत पांच पिढ्यांपूर्वीं होऊन गेला होता! बारशाच्या वेळीं महेश्वरपंतांच्या घरांत काय बोलणें झालें असेल तें आपल्याला सहज ऐकूं येतें, कोणी वृद्ध स्त्री म्हणाली असेल, "पूर्वजाचें नांव पुन्हा घरांत येऊं द्या."

नांव तरी किती सुंदर! पाणिनीच्या सूत्रानें 'भास्' पूर्वपद असतां 'कृ' धातूला 'ट' प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. प्रकाश करणारा तो भास्कर. असें नांव कोणाला नको वाटेल? म्हणूनच घोटाळाहि मोठा. एका कीर्तनांत मीं असें ऐकलें कीं, ज्या भास्कराचार्यांनीं लीलावती लिहिली त्यांनींच ब्रह्मसूत्रांवर भाष्य करून मायावादाचें खंडन केलें. कीर्तनांत मध्यें बोलूं नये म्हणून गप्प बसलों. ब्रह्मसूत्रभाष्यकार भास्कर हा भेदाभेदवादी वेदांती, शंकराचार्यांनंतरचा खरा, पण रामानुजाचार्यांच्या पुष्कळ अगोदरचा. कारण रामानुजाचार्यांनीं त्याच्या मताचा परामर्श घेऊन तें खोडून काढलें आहे. परंपरा सांगते त्याप्रमाणें रामानुजाचार्य ११३७ सालीं वैकुंठवासी झाले असतील, तर त्या वेळीं लीलावतीकार तेवीस वर्षांचे होते आणि सिद्धांतशिरोमणीला अजून तेरा वर्षें अवकाश होता. एवढें गणित बुवांनीं करावयाला हरकत नव्हती.

मराठी माणसांनीं मात्र अशा प्रसंगीं एक सोय करून ठेविली आहे. नांवाला शेंपूट जोडलें कीं माणूस वेगळा झाला. भास्करभट्ट बोरीकर म्हटलें कीं 'शिशुपालवध' लिहिणारा महानुभाव कवि. तो ग्रंथ निवृत्तिमार्गीयांना शृंगाराकडे झुकलेला वाटला म्हणून त्यानें पुढें 'उद्धवगीता' रचली, असें सांगतात. भास्करराय म्हटलें कीं कावेरीकांठच्या भास्करराजपुरम् येथें राहिलेला अठराव्या शतकांतला थोर शाक्त पंडित. त्यानें ललितासहस्रनामावरील टीकेचें नांव 'सौभाग्यभास्कर' ठेवून नांवाचा प्रश्नच मिटविला. भास्करबुवा म्हटलें कीं बखले, दुसरें कोणी नव्हे. कठोरच्या गरीब घरांतला हा मुलगा किर्लोस्कर मंडळींत आला, आवाज फुटल्यावर गाणें शिकावयास बाहेर पडला, फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तिघां उस्तादांपुढें बसला, १९११ मध्यें पुण्यांत भारत गायन समाजाची स्थापना केली, आणि १९१६ मध्यें 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. वडिलांचें नांव लावूनहि मात्र दर वेळीं निभावतें असें नाहीं: भास्कर राम म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे कोल्हटकर, आणि भास्कर रामचंद्र म्हणजे ग्वाल्हेरचे राजकवि तांबे. तलवार आणि कविता यांच्यामध्यें 'चंद्र' एवढेंच अंतर!

या कोल्हटकरांच्या बाबतींत प्रकार नेमका उलटा झाला. तेथें एका नांवांत अनेक पुरुष नाहींत, तर एकाच पुरुषाच्या दोन आठवणी आहेत. आमच्या बखरींत ते बंगाल्यावर स्वारी करणारे भास्करपंत. ३१ मार्च १७४४ रोजीं मानकर येथें अलिवर्दीखानानें तहाच्या बोलण्यासाठीं तंबूंत बोलावून त्यांना सरदारांसकट दग्यानें मारिलें, म्हणून आपण हळहळतों. बंगाल्यांत तेच भास्कर पंडित. १७५१ मध्यें गंगाराम नांवाच्या कवीनें त्या धुमाळीवर 'महाराष्ट्रपुराण' लिहिलें, आणि 'बर्गी' येतील म्हणून तिकडच्या आया मुलांना अजून निजवितात. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, हें आपण मान्य केलें पाहिजे.

आणखी एका भास्कराला टाकून पुढें जाववत नाहीं. दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधु भास्कर पांडुरंग तर्खडकर. १८४१ सालीं, वयाच्या पंचविशींत, त्यांनीं मुंबईच्या एका इंग्रजी पत्रांत आठ पत्रें लिहून इंग्रजी राज्य या देशाचें धन कसें ओढून नेत आहे तें उघड मांडलें. दादाभाईंनीं तो विषय हातीं घेण्याच्या पाव शतक आधींची ही गोष्ट. पत्रांखालीं सही होती 'एक हिंदु'. त्यांनीं आपलें नांव कागदावर येऊं दिलें नाहीं, आणि १८४७ मध्यें, एकतिसाव्या वर्षींच, ते गेले.

सरकारनें १९७९ आणि १९८१ मध्यें रशियांतून दोन उपग्रह आकाशांत सोडले. त्यांचीं नांवें भास्कर-१ आणि भास्कर-२. हे आंकडे यंत्रांच्या अनुक्रमापुरते असतील. मला मात्र ते वाचतांना दोघे आचार्य एकापाठोपाठ जातांना दिसतात, आणि या वेळीं पहिला पुढें आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मीं उत्तर पाठविलें तें असें: "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मुलगी बरोबर आहे. रीत जुन्या भास्कराची. लीलावतीकारांनीं ती आपल्या ग्रंथांत घेतली आणि मीं तुला अर्धेंच सांगितलें. उद्यांच वर्गांत तिला उभी करून हें सांग, आणि तुझ्या गुरुजींची चूक होती असें स्पष्ट म्हण. तुझ्या वेळच्या मुलांपैकीं ज्यांचे पत्ते तुझ्याजवळ असतील ते मला कळव." सात पत्ते आले. पांच पत्रें काल टाकलीं. उरलेलीं दोन आज संध्याकाळीं पडतील. ज्यांचे पत्ते मिळाले नाहींत, त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं हें मासिक येत असल्यास त्यानें हेंच आपलें पत्र समजावें.