अंगण खरेच वाकडे!

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात नाचणारीची फजिती होते आणि अंगण निर्दोष सुटते. प्रस्तुत लेखात मी त्या अंगणाविरुद्ध साक्ष द्यायला उभी आहे. नाचणारी म्हणजे घराघरांतून आढळणारे जुने स्पीकर आणि अंगण म्हणजे ते जिथे ठेवलेले असतात ती आपली खोली. स्पीकर कर्कश वाजतो म्हणून त्याला भंगारात काढण्याची आपल्याकडे मोठी घाई असते. माझे म्हणणे असे की, दहांतल्या बऱ्याच वेळा दोष आधी खोलीचा असतो, मग मांडणीचा असतो आणि शेवटी, झालाच तर, पेटीचा असतो.

आमच्या घरी मामाने दिलेल्या दोन लाकडी पेट्या आहेत. चाळीस वर्षांहून जुन्या. खाली वूफर, वर कागदी शंकूचा लहानसा ट्वीटर. वर्षानुवर्षे त्या काचेच्या शोकेसवर, छतापासून जेमतेम फूटभर खाली, दोन कोपऱ्यांत बसल्या होत्या. कारण घरात तेवढीच जागा मोकळी होती. त्यांवर अभंगाची रेकॉर्ड लावली की टाळ म्हणजे मोरीत स्टीलच्या वाट्या पडल्यासारखा वाजे. गायकाच्या शब्दांतला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात सुई टोचल्यासारखा येई. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “बंद कर गं ती भांडी!” हळूहळू रेकॉर्ड लावणेच बंद पडले. जो तो आपापल्या फोनला आपापली वायर कानात घालून बसू लागला. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले, तर तिथे पेटी उघडूनही न पाहता “ट्वीटर गेलेत, दोन्ही बदला” असा निकाल मिळाला. शेवटी भंगारवाल्याला बोलावणे धाडायचे ठरले. त्याच आठवड्यात मी हट्टाने एक रविवार मागून घेतला.

तो रविवार का मागितला, हे समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दर सेकंदाला १०० कंपने असलेला खर्जातला आवाज घेतला, तर त्याची एक लाट साडेतीन मीटर, म्हणजे जवळजवळ खोलीएवढी लांब असते. १०,००० कंपनांच्या चिवचिवाटाची लाट मात्र साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे पेढ्याएवढी! मोठी लाट पेटीला वळसा घालून सगळीकडे पसरते. लहान लाट ट्वीटरच्या तोंडासमोर बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते आणि वाटेत गुळगुळीत, कठीण काही लागले की आरशावरून उजेड उलटावा तशी उलटते. खर्जाला भिंत, विशेषतः कोपरा, फुगवतो. उंच स्वरांना काच, फरशी आणि गिलावा उलट फेकतो. तेव्हा आपण ऐकतो ते एकट्या स्पीकरला नव्हे. स्पीकर आणि खोली यांच्या युगुलगीताला.

आता या खोल्या कशा बदलल्या ते पाहा. जुन्या घरात सतरंजी अंथरलेली असे, कोपऱ्यात वळकट्या रचलेल्या असत, दांडीवर धोतरे-लुगडी वाळत असत, फळीवर पुस्तके असत. हे सगळे उंच स्वर मुकाट्याने पिऊन टाकणारे सामान. आज त्याच कुटुंबाच्या दिवाणखान्यात चकचकीत टाइल्स, काचेची सरकती दारे, वर सिमेंटचा सपाट स्लॅब आणि पुस्तकांच्या जागी काचेआडची भेटवस्तूंची रांग. टाळी वाजवून पाहा. भिंती टाळीला चिमटीत धरून हलवतात. अशा खोलीत जुनी पेटी आणून ठेवायची आणि वर तिलाच कर्कश म्हणायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

आमच्या घरात तर घोटाळा दुहेरी होता. पेट्या डोक्याच्या खूप वर, त्यामुळे ट्वीटरचा झोत आमच्या कानांवरून निघून जाई आणि शब्द नीट कळत नसत. म्हणून बाबांनी ॲम्प्लिफायरचे ट्रेबलचे बटण वर चढवून ठेवले होते. मग तो वाढीव ट्रेबल छतावरून आणि समोरच्या उघड्या भिंतीवरून उलटून आमच्यावर कोसळे. शोकेसच्या काचा थरथरत त्या वेगळ्याच. म्हणजे चुकीच्या जागेवर उपाय म्हणून बटण फिरवले आणि त्या उपायाचाच आजार झाला.

त्या रविवारी मी आणि भावाने क्रम ठरवला तो असा : फुकटचे उपाय आधी, पैशांचे शेवटी. प्रथम वायरी पाहिल्या. एका पेटीच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या असतील, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मागे उरतो तो पातळ, चिरका आवाज. आमच्याकडे नेमके हेच निघाले! न जाणो किती वर्षे! मग रेकॉर्ड प्लेयरची सुई पाहिली. झिजलेली सुई ‘स’काराला फाडतेच. प्लेयरची वायर ‘फोनो’ लिहिलेल्या जागी आहे ना, हेही पाहिले. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून आणि उंच स्वर चढवून कापतात. १९५४ पासून त्याचे एक ठरलेले माप आहे. फोनोची जागा ते गणित उलटे सोडवते. मॅग्नेटिक कार्ट्रिजची वायर चुकून दुसरीकडे खोचली, तर कोणताही स्पीकर बारीक आणि चिरकाच वाजेल. आणखी एक गोष्ट म्हणजे लहान ॲम्प्लिफायर पूर्ण चढवू नये. त्याची ताकद संपली की तो लाटेची टोके छाटतो आणि त्या छाटणीतून मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर जन्माला येतात. ते कानाला तर टोचतातच, पण ट्वीटरचाही बळी घेतात.

त्यानंतर पेट्या खाली उतरवल्या. आमच्याकडे गाणे खाली बैठकीवर बसून ऐकतात. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतो. ट्वीटर त्याच उंचीवर येईल असे दोन स्टूल शोधले. पेट्या कोपऱ्यांतून बाहेर काढल्या, पण खोलीच्या मध्यावर आणल्या नाहीत. लहान पेटीला मागच्या भिंतीचा थोडा आधार लागतो. तो पूर्ण काढला तर खर्ज उणा पडतो आणि तराजू पुन्हा ट्रेबलकडेच झुकतो. रॉय ॲलिसन या अमेरिकन अभियंत्याने १९७४ मध्ये खोलीच्या भिंती स्पीकरच्या खर्जाचे काय करतात यावर शोधनिबंध लिहिला. त्यातून सामान्य माणसाने घ्यायचा धडा एवढाच की, वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तीन अंतरे एकसारखी ठेवू नयेत. आम्ही शिवणाच्या टेपने मापे घेतली. मग पेट्यांची तोंडे थेट आमच्याकडे न वळवता जरा बाहेर फिरवली, म्हणजे झोत नाकाशी न येता खांद्याजवळून जाईल. प्रत्येक बोटभर फिरवण्यात फरक ऐकू येत होता.

शेवटी आरसा. एकाने बैठकीवर बसायचे, दुसऱ्याने हातातला आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायचा. जिथे बसलेल्याला आरशात ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाजाचा पहिला उलटा फटका येतो. तेवढ्याच जागी आम्ही आजीची गोधडी टांगली आणि पेट्यांपुढच्या फरशीवर सतरंजी पसरली. गोधडी खर्जाला हात लावू शकत नाही, तो तिच्या आवाक्याबाहेरचा. पण उंच स्वरांना ती बरोबर आवरते. ट्रेबलचे बटण मध्यावर आणले. त्या दिवशी खर्च झाला शून्य रुपये.

जुन्या स्पीकरच्या कर्कशपणावर जगात काय काय झाले त्याची एक कथा सांगण्यासारखी आहे. यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१०एम नावाचा स्पीकर बाजारात आणला, तो घरात शेल्फवर ठेवण्यासाठी. घरांत त्याचे फारसे कौतुक झाले नाही. पुढे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंनी तो उचलला आणि तिथे तो जगप्रसिद्ध झाला. पण घरात काही अंतरावरून ऐकायची पेटी तिथे हाताच्या अंतरावर, समोरासमोर ऐकली जाऊ लागली आणि तिचा ट्रेबल टोचू लागला. यावर ध्वनिमुद्रकांनी शोधलेला उपाय म्हणजे ट्वीटरवर टिश्यूपेपरचा तुकडा लटकवणे! बॉब क्लिअरमाउंटन या नामवंत ध्वनिमुद्रकाचे नाव या कागदाशी जोडले जाते. बॉब होडास यांनी १९८६ मध्ये या कागदांची मोजमापेच घेतली. तेव्हा कागदाची जात आणि ट्वीटरपासूनचे अंतर बदलले की परिणामही बदलतो, आणि कागदावरून उलटलेला आवाज मूळ आवाजात मिसळून काही स्वर खातो, असे दिसून आले. पुढच्याच वर्षी कंपनीने स्टुडिओसाठी ट्रेबल सौम्य केलेली आवृत्ती काढली. २००१ मध्ये त्या पेटीचे उत्पादन थांबले. पण जुन्या जोड्या आजही स्टुडिओंत वाजताना दिसतात. या कथेचे तात्पर्य माझ्या मते दुहेरी आहे. फडक्या-कागदाचा उपाय हसण्यावारी नेऊ नये. पण तो अंदाजपंचे असतो, म्हणून त्याच्यावर विसंबूही नये.

याचा अर्थ पेटी कधीच आजारी नसते असा नाही. एवढे सगळे करूनही टोचत असेल, तर जाणकाराकडून पेटी उघडावी. ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर असतो; खर्जाला अडवून फक्त उंच स्वर पुढे सोडणे हे त्याचे काम. जुन्या पेट्यांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही दशकांत आपले माप सोडतात. ते नवे घालावेत. मात्र नवा फिल्म कपॅसिटर वाट अधिक मोकळी करतो, त्यामुळे ट्रेबल उलट वाढल्यासारखा वाटू शकतो, हे लक्षात असू द्यावे. तेव्हा ८ ओहमच्या ट्वीटरच्या वाटेत २ ओहमचा, ५ किंवा १० वॅटचा रेझिस्टर जोडला, तर ट्रेबल सुमारे २ डेसिबलने उतरतो. ऐकायला हा आकडा किरकोळ, पण कानाला तो पुरतो. वस्तू काही रुपयांची, आणि आवडले नाही तर काढता येते. ट्वीटर बदलण्यात ही सोय नाही. मूळ ट्वीटर एकदा कचऱ्यात गेला की त्याची जोडी पुन्हा मिळणे कठीण.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. एक पक्ष म्हणेल, जुने ते सोने, त्याला हात लावू नका. दुसरा म्हणेल, जुने ते भंगार, नवे आणा. माझे भांडण दोघांशीही आहे. कारण दोघेही ऐकत नाहीत. पहिला आठवणी ऐकतो, दुसरा जाहिरात. आणि एक तिसरा, सोयीस्कर पक्ष आहे : ट्रेबलचे बटण शून्यावर आणा, मिटले! पण मित्रहो, मग टाळाबरोबर तंबोऱ्याची जवारीही गेली, तबल्याची चाटही गेली, गायकाने शब्द सोडताना घेतलेला श्वासही गेला. जवारी म्हणजे तरी काय? घोडीवर तारेखाली सरकवलेला एक दोरा. तो जरा चुकला की तंबोरा खरखरतो किंवा मुका होतो. तेव्हा कोणी तार कापत नाही की तंबोरा फेकत नाही. दोरा केसभर सरकवतात आणि कान लावून थांबतात. स्पीकरची बैठक लावणे म्हणजे घरातल्या वाद्याची जवारी लावणेच होय.

हा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. कविता मोठ्याने वाचावी, शब्दाचा उच्चार नीट ऐकावा, असे आपले प्राध्यापक आपल्याला सांगतात. त्यासाठी लागणारा कान वर्गात थोडा आणि घरात बराच घडतो. जो आवाज चौघांनी एकत्र बसून ऐकता येत नाही, त्यावर चौघांचे बोलणेही होत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्या घरच्या, शेजारच्या जुन्या पेट्या तराजूत घालण्यापूर्वी त्यांना एक रविवार, दोन स्टूल आणि एक गोधडी द्यावी.

आमच्याकडे त्या संध्याकाळी तीच अभंगाची रेकॉर्ड पुन्हा लावली. टाळ आता टाळासारखा वाजत होता, गायकाच्या मागे चार पावले उभा राहून. दुसरा अभंग सुरू झाला तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दाराशीच उभी राहिली. मग म्हणाली, “आवाज जरा वाढव.” आणि बैठकीवर येऊन बसली.

— तृतीय वर्ष, कला