पेंढ्यापासून इथेनॉल: तंत्रज्ञान आहे, मग घोडं अडलंय कुठे?

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून सोशल मीडियावर एक वाद सारखा रंगतो. खायचा मका-तांदूळ गाडीच्या टाकीत कशाला? त्यापेक्षा शेतात जाळला जाणारा पेंढा वापरा की! सूचना योग्यच आहे. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलने तसा प्रकल्प उभारलाही. 10 ऑगस्ट 2022 रोजी पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. 900 कोटींहून जास्त खर्च, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं, आणि उद्दिष्ट वर्षाला 2 लाख टन पेंढ्यातून 3 कोटी लिटर इथेनॉलचं.

मग असे प्रकल्प गावोगावी का नाहीत?

पेंढ्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक कड्या जोडण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून भाकरी आपल्याला पचते आणि पेंढा पचत नाही. खरं तर गायीलाही तो स्वतःला पचवता येत नाही. तिच्या पोटातले जिवाणू तो फोडतात.

हे काम सेल्युलेज विकरं म्हणजे एन्झाइम्स करतात, तेही टोळीनं. एक साखळी मधूनच तोडतं. दुसरं टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या काढतं. तिसरं त्या जोड्या फोडतं. तिसरं मागे पडलं की जोड्या साचतात आणि बाकीच्यांचंही काम मंदावतं. त्यात सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की विकरांना शिरकावच मिळत नाही. त्यामुळे स्टार्चच्या तुलनेत विकरं कितीतरी जास्त लागतात, आणि खर्च तिथेच वाढतो. पेंढा गोळा करून आणण्याचा खर्च वेगळाच. अमेरिकेत ड्यूपॉन्टने 2015 मध्ये आयोवात मोठा प्रकल्प सुरू केला आणि 2017 मध्ये विक्रीला काढला.

आज उद्योगात वापरली जाणारी सेल्युलेजेस प्रामुख्याने ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीपासून मिळतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवणारी हीच ती बुरशी!

फेब्रुवारी 2025 मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये नव्या जिवाणू-विकराची माहिती दिली. उसाच्या बगॅसखाली वर्षानुवर्षं दबलेल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करताना ते सापडलं. त्यात तांबं असतं. ते साखळीच्या टोकाशी चिकटून सेल्युलोजची घट्ट वीण सैल करतं, म्हणजे बाकीच्या विकरांची वाट मोकळी होते. ते जुन्या टोळीची जागा घेत नाही, तिच्यात सामील होतं. त्यामुळे ‘कचऱ्यातून फुकट पेट्रोल’ असे मेसेज आले तर पुढे पाठवू नका.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे. साखर कमी पडेल म्हणून केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा इथल्या कारखान्यांचं गणित कोलमडलं. बगॅसपासून इथेनॉल केलं तर साखरेला धक्का लागत नाही. पण बगॅसही वाया जात नाही. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात आणि विकतात. विकराचा खर्च धरूनही त्या विजेपेक्षा जास्त पैसे सुटले, तरच बगॅस इथेनॉलकडे वळेल.