सदुसष्टचा पुरावा

भिवंडीच्या पद्मानगरात बारावीनंतरच्या प्रवेशांचे दिवस आले की घरोघरी जुन्या पेट्या उपसल्या जातात. शोध असतो सदुसष्टच्या पुराव्याचा. आजोबा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी महाराष्ट्रात राहत होते, हे सिद्ध करायचे असते. पद्मशाली समाज इथे विशेष मागास प्रवर्गात आहे. पण त्या तारखेनंतर आलेल्याच्या नातवाला त्याचा लाभ नाही.

ज्याच्यासाठी हा शोध, तो मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. घरी तेलुगू बोलतो. बतुकम्माच्या सणाला आई-आत्या फुले रचतात, तेव्हा तो हाताशी असतो. मार्कंडेय ऋषींना कुळाचे मूळपुरुष मानतो. दाराबाहेर पडला की आगरी आणि मोमीन मित्रांशी त्याच सहजतेने मराठी-हिंदीत बोलतो. ‘तू कोण?’ असे विचारा. तो पद्मशालीही सांगेल आणि भिवंडीकरही. एक ओळख घराने दिली, दुसरी गल्लीने. त्याला यात कुठलाच पेच दिसत नाही.

पेच निर्माण होतो तो जातीच्या दाखल्याच्या खिडकीवर. करीमनगर-नलगोंड्याकडून आलेला आजोबा बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवायचा, भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवायचा, कारखान्यातच झोपायचा. त्याच्याकडे भाडेपावती कुठून असणार? नातवाचा जन्म इथला, सगळी शाळा इथली. तरी त्याला तेलंगणाचा ठरवले जाते. तिकडे जावे, तर वैद्यकीय प्रवेशासाठी ‘स्थानिक’ ठरायला बारावीपर्यंतची चार वर्षे तिथेच शिकलेले असावे लागते. म्हणजे दोन्हीकडे तो बाहेरचा.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन कोणी आरक्षणाचा लाभ उचलू नये, हा नियमाचा हेतू रास्त आहे. पण हा मुलगा कुठून आलेलाच नाही. आजोबांच्या प्रवासाचा हिशेब त्याच्याकडे मागणे अन्यायाचे आहे. आपण कोण, हे मनात पक्के होण्याच्या वयात सरकार त्याला परका म्हणते. घराने आणि वस्तीने वर्षानुवर्षे घडवलेला विश्वास त्यामुळे ढळतो.

जन्म आणि पहिली ते बारावीचे शिक्षण महाराष्ट्रात झालेल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या नोंदींवर जातीचा दाखला मिळाला पाहिजे. या नोंदी सरकारच्याच दप्तरात आहेत. त्या ग्राह्य धरायला नियमात दुरुस्ती लागते. ती सरकारने करावी.