स्वस्त डेटाचा इतिहास २०१६ मध्ये सुरू होत नाही

१/ भारतातील मोबाईल इंटरनेटची कथा सांगताना बहुतेक जण ५ सप्टेंबर २०१६ पासून आरंभ करतात. त्या दिवशी जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि पुढील काही महिन्यांत डेटाचे दर कोसळले. घटना खरी आहे. परंतु तिलाच आरंभ मानले की त्यामागची दीर्घ वाटचाल नजरेआड होते आणि पुढे काय करायला हवे, याविषयीचे आपले अनुमानही चुकते. या धाग्यात तेच मांडायचे आहे.

२/ मूळ बरेच जुने आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्र चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतरांना परवाना द्यायचा की नाही, हेही सरकारच ठरवणार होते. ११० वर्षांनी मोबाईल कंपन्यांनी सेवा सुरू केली ती याच कायद्याखालील परवान्यांवर. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेत संमत झाला तो थेट २०२३ मध्ये.

३/ १९९१ मध्ये देशात शंभर माणसांमागे एक दूरध्वनीही नव्हता. जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. तरीही त्या काळात एक महत्त्वाचे काम झाले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने धूळ, उष्मा आणि लहरी वीजपुरवठा सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे ग्रामीण एक्स्चेंज घडवले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसले. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ याच प्रयत्नांच्या सावलीत गावोगाव वाढले.

४/ १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मूलभूत दूरध्वनी सेवेचे दार खासगी कंपन्यांना उघडले. मोबाईलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला: कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू, दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत.

५/ त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या एका खटल्यात निकाल दिला की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हे वाक्य ध्यानात ठेवावे. स्पेक्ट्रम म्हणजे कंपन्यांना वापरासाठी दिलेला रेडिओ लहरींचा पट्टा. त्याची मालकी जनतेची, सरकार केवळ विश्वस्त. पुढचा सारा इतिहास या विश्वस्ताने काय केले आणि काय केले नाही, याचा आहे.

६/ पहिला धडा लगेच मिळाला. परवान्यांसाठी कंपन्यांनी अफाट बोली लावल्या आणि पुढे ते शुल्क त्यांना झेपेना. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. सरकारने हात आखडला असता तर अनेक कंपन्या तिथेच बुडाल्या असत्या. मार्च १९९९ मध्ये देशात सुमारे १२ लाख मोबाईल ग्राहक होते. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. मार्च २०१० पर्यंत ग्राहकसंख्या ५८ कोटींवर गेली.

७/ याच २०१० मध्ये थ्रीजी आणि ब्रॉडबँड स्पेक्ट्रमचे लिलाव झाले. थ्रीजीतून सरकारला सुमारे ६७,७०० कोटी आणि ब्रॉडबँडमधून सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले. ब्रॉडबँडच्या लिलावात देशभरचा पट्टा जिंकणारी छोटी कंपनी रिलायन्सने ताबडतोब विकत घेतली. तो पट्टा केवळ डेटासाठी होता. २०१३ मध्ये सरकारने एकत्रित परवान्याची वाट खुली केली आणि शुल्क भरून त्याच लहरींवरून ध्वनिसेवाही देता येऊ लागली. २०१६ ची ‘मोफत कॉल’ची घोषणा या निर्णयाविना संभवली नसती.

८/ कंपनीचे श्रेय नाकारण्याचा येथे हेतू नाही. प्रचंड भांडवल गुंतवून तिने फक्त फोरजीवर चालणारे जाळे उभे केले. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत. २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आत. असा उतार जगात फार थोड्या ठिकाणी दिसला. पण दर उतरले ते जिथे टॉवर होता तिथे. जिथे टॉवरच नाही, तिथे स्वस्त डेटाचा अर्थ काय?

९/ टॉवर का नाही, याचे एक उत्तर भौतिकशास्त्रात आहे. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. जास्त वारंवारतेच्या लहरी लवकर क्षीण होतात. म्हणून विरळ वस्तीला ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा सोयीचा: कमी टॉवरांत अधिक प्रदेश. २०१६ च्या लिलावात सरकारने त्याची राखीव किंमत दर मेगाहर्ट्‌झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली. एकही बोली आली नाही. २०२१ मध्येही तेच झाले. खेड्याला सर्वांत उपयोगी पट्टा २०२२ पर्यंत विकला गेला नाही. विश्वस्त खजिनदारासारखा वागला की असे होते.

१०/ दुसरे उत्तर हिशेबाचे. डोंगरातल्या दीडशे उंबऱ्यांच्या पाड्यावर टॉवर उभारायचा तर रस्ता, वीज, डिझेल आणि मागची जोडणी, सारेच महाग. उत्पन्न मात्र तुटपुंजे. हे ओळखूनच २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. प्रत्येक कंपनीच्या समायोजित महसुलातील ५ टक्के त्यात जातात. म्हणजे शहरातल्या प्रत्येक रिचार्जमधून थोडे पैसे त्या पाड्यासाठी वेगळे निघतात. दुर्दैवाने यातील मोठा हिस्सा वर्षानुवर्षे खर्चाविना राहिला.

११/ भारतनेटची कहाणीही अशीच. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या टप्प्यातील एक लाख पंचायती पूर्ण व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला. फायबर जमिनीखाली असते, म्हणून त्याचे अपयश दिसत नाही; टॉवरपर्यंत ते पोहोचले नाही की फोनवर दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

१२/ महाराष्ट्राला हे २०२० च्या टाळेबंदीत उमगले. शाळा ‘ऑनलाइन’ झाल्या आणि सातपुड्यातली, कोकणातली मुले रेंजसाठी टेकड्या चढू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी निधी मंजूर केला. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. जुलै २०२२ मध्ये आणखी २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले. पहिल्या मोबाईल कॉलनंतर २७ वर्षांनी, ‘डेटाक्रांती’नंतर सहा वर्षांनी, इतकी गावे जाळ्याबाहेर होती!

१३/ शिवाय जाळे पोहोचणे आणि वापर होणे या भिन्न गोष्टी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांचे ३३ टक्के आढळले. ग्रामीण स्त्रियांत ते चौथ्या हिश्श्याच्याही किंचित खालीच होते. घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हे कोणत्याही टॉवरच्या नकाशावर उमटत नाही.

१४/ ‘सरकारवर इतका भरवसा कशाला?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले ते वाटपाच्या पद्धतीमुळेच. पण बाजारावर सोडून काय झाले, तेही पाहावे. एकेकाळी डझनभर कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. स्वस्ताई हा निसर्गनियम नव्हता.

१५/ म्हणून माझे मत असे: जाळे वाढवण्याचे कौशल्य कंपन्यांचे, पण ते कुठपर्यंत न्यायचे हा निर्णय सार्वजनिकच राहिला पाहिजे. स्पेक्ट्रमच्या लिलावाचे यश जमा झालेल्या कोटींवर मोजू नये. किती गावे जोडली गेली यावर मोजावे. निधीचा जिल्हावार हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. २०१६ ला चमत्कार मानणारा समाज पुढच्या चमत्काराची वाट पाहत बसतो. त्यामागचे निर्णय ठाऊक असलेला समाज हिशेब मागतो.

१६/ शेवटी एक विनंती. हा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही आणि त्याचे साक्षीदार आपल्या घरांत आहेत. तुमच्या गावात पहिला पीसीओ कोणत्या साली आला, पहिला टॉवर कोणाच्या शेतात उभा राहिला, त्याआधी ट्रंक कॉलसाठी कुठे जावे लागे, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि साल व गावाच्या नावासह खाली नोंदवा. चांगल्या नोंदी एकत्र करून पुढचा धागा त्यांवरच लिहू. 🙏