रात्री अर्धा होणारा नायगारा

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणाचे काका किंवा मावशी अमेरिकेत असतील, तर त्यांच्या अल्बममधला एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. अंगात प्लॅस्टिकचा निळा रेनकोट, केस ओलेचिंब आणि मागे नुसते पांढरे तुषार. न्यू जर्सीहून नायगारा मोटारीनं सहा-सात तासांवर. त्यामुळे उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले, की गाडी काढून ही सहल व्हायचीच!

उंचीत नायगारा काही फार मोठा नाही, बरं का. त्याचा सर्वांत मोठा भाग घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे आणि तो साधारण ५७ मीटर उंच. आपला गिरसप्पा २५३ मीटरचा, म्हणजे चौपटीहून जास्त! नायगाराचा दिमाख आहे तो पाण्याचा. उन्हाळ्यात दिवसा दर सेकंदाला निदान २८ लाख लिटर पाणी खाली कोसळतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. असे २८० टँकर, दर सेकंदाला!

आता गंमत ऐका. रात्री दहानंतर हे पाणी निम्म्यावर आणता येतं. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली तसा करारच केला आहे. दिवसा प्रवाशांसाठी भरपूर पाणी सोडायचं. रात्री आणि सगळा हिवाळाभर निम्मं सोडलं तरी चालेल. उरलेलं बोगद्यांतून वीजघरांकडे. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीत दारं बसवली आहेत, ती खालीवर करून पाण्याची पातळी सांभाळतात. नदीचं सरासरी पाणी याच्या दुप्पट आहे, म्हणजे भर दुपारीसुद्धा आपल्याला दिसतो तो साधारण अर्धाच नायगारा! पुरा नायगारा आपल्या आजोबांनीही पाहिलेला नाही.

हे वाचून तुम्हाला राग आला का? मलाही आधी आला होता. पण पाणी कमी झाल्यानं धबधब्याचा एक फायदाही झाला. वर कठीण खडक, खाली मऊ खडक. पाणी खालचा खडक पोखरतं, मग वरचा कडा ढासळतो. असं करत करत गेल्या बारा हजार वर्षांत धबधबा जवळजवळ ११ किलोमीटर मागे सरकलाय. पूर्वी तो वर्षाला मीटरभर सरके, आता सुमारे ३० सेंटिमीटर.

१९६९ साली तर इंजिनिअरांनी बांध घालून अमेरिकेच्या बाजूचा धबधबा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चक्क कोरडा केला होता. पायथ्याशी पडलेले दगडांचे ढीग उचलायचे का, हे ठरवायचं होतं. उघड्या पडलेल्या तळाशी लोकांनी टाकलेली नाणीच नाणी! शेवटी ठरलं, दगड तिथंच राहू देत. मला हा निर्णय फार आवडतो.

गिरसप्प्याचंही असंच आहे. १९६४ साली लिंगनमक्की धरण झालं, तेव्हापासून शरावतीचं पाणी विजेसाठी अडवलं जातं. म्हणून तिथं मे महिन्यात जाऊन हिरमुसू नका, पावसाळ्यात जा.

आणि मोठेपणी कधी नायगाराला गेलात, तर बोटीतून भिजून लगेच परतू नका. रात्री रंगीत दिवे लागल्यावर कठड्याशी उभे राहा. दहा वाजून गेल्यावरही थोडं थांबा, आणि आवाज कमी होतोय का, ते नीट कान देऊन ऐका.