महामारीत रक्त कोणी द्यायचे?

महामारी आली की खाटा, ऑक्सिजन आणि इंजेक्शने यांची चर्चा होते. रक्ताची होत नाही. कोरोनाच्या काळात हेच घडले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, महाविद्यालये व कारखाने बंद पडले आणि रक्तदान शिबिरेही थांबली. काही शस्त्रक्रिया पुढे ढकलता आल्या. पण बाळंतपण आणि अपघात टाळेबंदी पाळत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

दुसरीकडे नातेवाईकांची धावाधाव चालली होती प्लाझ्मासाठी. बुडत्याला काडीचा आधार. त्या आशेला आम्ही दोष देत नाही. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते. प्लाझ्मा मिळालेल्यांत १५ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत १४ टक्के. फायदा दिसला नाही. तरीही राष्ट्रीय उपचार सूचनांतून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडला. तोवर दुसऱ्या लाटेत किती घरे चिठ्ठी घेऊन दारोदार फिरली, याचा हिशेब कोण देणार?

रक्तदात्यांच्या बाबतीतही तोच उशीर. मार्च २०२१ मध्ये आदेश निघाला की, लशीच्या शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस रक्तदान करू नये. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तेव्हा रक्त देणारी तरुण पिढीच बाद होण्याची वेळ आली. मग मे महिन्यात ही मुदत १४ दिवसांवर आणली गेली.

डिंडोली, नवागाम, उधना, लिंबायत भागातील असंख्य मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटासाठी आली. माणूस लूमच्या पाळीत अडकलेला, भाऊबंद खानदेशात. अशाला 'आधी बदली रक्तदाता आणा' असे सांगणे हा अन्याय आहे. ही प्रथा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे राष्ट्रीय रक्त धोरणाने २००२ मध्येच ठरवले. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: गरीब रुग्णाचे रक्त बदली दात्यासाठी अडवू नये, रक्ताचा रोजचा साठा रुग्णालयाच्या दारात गुजराती, हिंदी व मराठीत लावावा, आणि पुढच्या साथीत फिरत्या रक्तसंकलन गाड्यांची व दात्यांच्या परवान्यांची सोय पहिल्या दिवसापासून असावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारावे.

मात्र सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. आपली शिबिरे शिवजयंती, १४ एप्रिल आणि गणेशोत्सवात एकदम होतात; मग महिनोन्महिने शुकशुकाट. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. फेब्रुवारीचे रक्त मेमधल्या बाळंतिणीला कसे पुरणार? २०२० मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान व प्लाझ्मादान शिबिर घेतले. आपण निदान महिने तरी वाटून घेऊ.

प्रत्येक मंडळाने वर्षातला एक महिना आपल्याकडे घ्यावा आणि रक्तगटासह दात्यांची यादी तयार ठेवावी. निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. समाजबांधवांनो, तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आता तरी सोडूया!